क्रीमच्या डबीमागचा हिशेब

अकोल्यातील एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, थोड्याथोड्या अंतराने किडनीच्या विकाराने आजारी पडल्या. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी वर्तमानपत्रांत आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुळाशी जायचे ठरवले, तेव्हा संशयाची सुई चेहऱ्याला लावायच्या एका क्रीमवर थांबली. स्थानिक पार्लरमधून घेतलेल्या त्या क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला. त्याच सुमारास केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातले डॉक्टर अशाच रुग्णांची नोंद ठेवत होते. त्यांचा अभ्यास 2024 मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आला. किडनीच्या एका विशिष्ट विकाराच्या 22 रुग्णांपैकी 15 जणांत एक ठरावीक, एरवी क्वचित दिसणारी खूण सापडली आणि त्या 15 पैकी 13 जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. बहुतेकांचा विकार क्रीम बंद केल्यावर आटोक्यात आला.

या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी, की क्रीम ‘लागू’ पडत होते. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराचे काम पारा अडवतो. रंग उजळतो, शेजारणी विचारतात, डबी हातोहात खपते. परिणाम दिसतो म्हणून उत्पादन चांगले, हा निकष किती अपुरा आहे ते यातून कळते. याच्या उलट टोकाला वेगळी फसगत आहे. पानाफुलांचे चित्र आणि हिरवे झाकण असलेल्या बाटलीतले द्रव्य कोणाचे वाईट करत नाही, पण त्वचेचेही काही भले करत नाही. पैसे, पाणी, प्लास्टिक सगळे वाया जाते. परिणामकारकता आणि सचोटी या दोन वेगळ्या खात्यांत मांडायच्या गोष्टी नाहीत. जे काम करत नाही ते तयार करणे हाही अपव्ययच आहे, आणि जे कोणाच्या तरी जिवावर काम करते ते चांगले म्हणता येत नाही. हा आढावा याच भूमिकेतून घेतला आहे.

आधी काम नेमके कशाने होते ते पाहू. बाजारात हजारो घटकांची नावे फिरत असली, तरी भक्कम पुरावा असलेल्यांची यादी छोटी आहे. त्यात सनस्क्रीन सर्वांत वर. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये नॅम्बोर नावाचे गाव आहे. तिथे 1992 ते 1996 या काळात नऊशेहून अधिक प्रौढांचे गट पाडून दीर्घ चाचणी झाली. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने स्वतःच्या मर्जीप्रमाणे. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा 24 टक्क्यांनी कमी आढळल्या. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. वापरलेले सनस्क्रीन साधे होते, आजच्या महागड्या बाटल्यांसारखे नव्हते. फरक पडला तो रोज लावण्याने.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. गव्हाळ-सावळ्या त्वचेला सुरकुत्यांपेक्षा वांग आणि काळे डाग जास्त छळतात. वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही तो गडद करतो. म्हणून लोहाची ऑक्साइड असलेले, किंचित रंगाची छटा असलेले सनस्क्रीन वांग असलेल्यांना अधिक उपयोगी पडते. विदर्भाच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला याची गरज पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात बसणारीपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिच्यापर्यंत ते परवडणाऱ्या दरात पोहोचत नाही, हाही नैतिकतेचाच प्रश्न आहे. जबाबदार सौंदर्यप्रसाधनांवरच्या चर्चेत ही बाई सहसा नसते.

सनस्क्रीननंतर येतात अ जीवनसत्त्वाच्या कुळातली रेटिनॉइड, नायसिनअमाइड, काही सौम्य आम्ले, क जीवनसत्त्व आणि साधे, सुवासाविना असलेले मॉइश्चरायझर. गेल्या दहा वर्षांत एक बदल चांगला झाला. टोरंटोतल्या ‘द ऑर्डिनरी’ने 2016 मध्ये घटकाचे नाव आणि टक्केवारी बाटलीवर ठळक छापून स्वस्तात विकायला सुरुवात केली. जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ने 2020 मध्ये भारतात तोच मार्ग धरला. ग्राहक काय घेतो आहे ते त्याला कळू लागले. पण टक्क्यांची चढाओढही सुरू झाली. नायसिनअमाइडचे बरेच अभ्यास चार-पाच टक्क्यांवर झालेले आहेत. दहा टक्क्यांनी दुप्पट फायदा होत नाही, काहींची त्वचा मात्र चुरचुरते. बारा-तेरा वर्षांच्या मुली आम्ले आणि रेटिनॉल चेहऱ्याला लावू लागल्या, हे या चढाओढीचे अधिक वाईट फळ. ज्या त्वचेला काहीच झालेले नाही तिला दोष दाखवून औषध विकणे यात कसलीही जबाबदारी नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाने या क्षेत्रात जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशाने घातला नसेल. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने जात नाहीत. सुगंधी तेलांतले काही घटक हवेशी संयोग पावल्यावर ॲलर्जी आणतात. पण वनस्पतींकडे पाठ फिरवावी असाही याचा अर्थ नाही. बावचीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कोडावरची औषधी म्हणून आयुर्वेदाला ती जुनी ओळखीची. तिच्या बियांत सोरालेन असतात, आणि त्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. म्हणून कच्चे बावचीचे तेल चेहऱ्याला चोपडणे धोक्याचे. त्याच बियांतून बाकुचिओल नावाचा घटक शुद्ध करून वेगळा काढता येतो. त्याची चाचणी 2019 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त आली. 44 जण, 12 आठवडे, एका गटाला अर्धा टक्का बाकुचिओल, दुसऱ्याला अर्धा टक्का रेटिनॉल. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले, आणि साल निघण्याचा, चुरचुरण्याचा त्रास रेटिनॉलवाल्यांना अधिक झाला. चाचणी लहान आहे, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. तरी परंपरेतली वनस्पती घ्यावी, तिच्यातला घातक भाग बाजूला काढावा, उरलेल्याला आधुनिक चाचणीला उभे करावे, ही रीत इथे स्पष्ट दिसते.

आणि मग टिकाऊपणासाठी घालायच्या घटकांची कथा. ही जरा सविस्तर सांगायला हवी, कारण चांगल्या हेतूने केलेली घाई किती महाग पडते ते हिच्यात दिसते. पाणी असलेले कोणतेही क्रीम जंतूंना पोसते. घरी काढलेला कोरफडीचा गर दोन दिवसांत खराब होतो तो याच कारणाने. पॅराबेन हे या कामी अनेक दशके वापरले गेले. 2004 मध्ये इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्र यांच्या गटाने स्तनाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेनचे अंश असल्याचे प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात निरोगी ऊती तुलनेला घेतलेल्या नव्हत्या, आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा दावाही सिद्ध झालेला नव्हता. पण बातमी पसरली, ग्राहक बिथरले आणि कंपन्यांनी डब्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ असे छापून घेतले.

रिकाम्या झालेल्या जागेत जे घटक आले त्यांत मेथिलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नावाचे रसायन होते. पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढतच गेले. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले. धुऊन न टाकायच्या क्रीम-लोशनमधून ते युरोपीय संघाला कायद्याने हद्दपार करावे लागले. त्याच संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनना काय म्हटले? वर्षातील ‘ॲलर्जीकारक नसलेले’ द्रव्य. युरोपने पाच पॅराबेनवर 2014 मध्ये बंदी घातली आणि आणखी काहींचे प्रमाण कमी केले, हेही तेवढेच खरे. पुरावा पाहून एकेका रेणूबद्दल निर्णय घेणे ही नियामकाची रीत झाली. भीती पाहून सगळे कुळच बाहेर काढणे ही जाहिरातीची रीत. ‘रसायनमुक्त’ अशी पाटी पाहिली की सावध व्हावे. पाणीसुद्धा रसायनच आहे.

प्राण्यांवरील चाचण्यांचा प्रश्न याहून स्वच्छ आहे, आणि तिथे प्रगतीही खरी झाली आहे. अमेरिकी औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी 1944 मध्ये सशांच्या डोळ्यांत द्रव्य घालून दाह मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढची काही दशके ती जगभर चालली. 1980 मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला जाब विचारला. कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला पर्यायी चाचण्या शोधण्यासाठी साडेसात लाख डॉलर दिले. प्लास्टिक सर्जरीत उरलेल्या मानवी त्वचेच्या पेशी वाढवून त्यांचे थर तयार करणे आणि त्यांच्यावर द्रव्य तपासणे आता प्रयोगशाळांत नेहमीचे झाले आहे. त्वचेच्या दाहाच्या अशा चाचणीला 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले. सशाच्या त्वचेवरून माणसाच्या त्वचेचा अंदाज बांधण्यापेक्षा मानवी पेशींवरून बांधणे शास्त्रालाही जास्त पटणारे आहे.

भारताने 2014 मध्ये आधी प्राण्यांवरील सौंदर्यप्रसाधन चाचण्यांवर आणि मग अशा चाचण्या झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. दक्षिण आशियात असे पाऊल आधी कोणी उचलले नव्हते, याचा सार्थ अभिमान वाटावा. युरोपात विक्रीबंदी मार्च 2013 मध्ये पूर्ण झाली. चीनने मे 2021 पासून सर्वसाधारण प्रसाधनांच्या आयातीसाठी काही अटींवर प्राण्यांवरील चाचणीची सक्ती सोडली. तरी वाटेतले खड्डे संपलेले नाहीत. सनस्क्रीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या खटल्यात युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये निकाल दिला, की कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी रसायन कायद्याखाली प्राण्यांवरील चाचणी मागता येते, मग तो घटक केवळ प्रसाधनांतच वापरला जात असला तरी. म्हणजे एक कायदा दार बंद करतो आणि दुसरा खिडकी उघडी ठेवतो. प्राण्यांवर चाचणी न केल्याची खूण म्हणून डबीवर सशाचे चित्र छापलेले असले तरी ते कोणत्या संस्थेचे आहे, कंपनीने स्वतःच काढलेले आहे का, हे म्हणूनच पाहायचे.

सशाबद्दल जेवढी कळकळ दाखवली जाते तेवढी झारखंडच्या मुलांच्या वाट्याला आलेली नाही. लिपस्टिक, आयशॅडो, ‘ग्लो’ देणारी क्रीम यांतली चमक बऱ्याचदा अभ्रकाची असते. कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या पट्ट्यात ते निघते. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण डोंगरातले अभ्रक आणि माणसांची गरिबी तिथेच राहिली. बायका-मुले उंदराच्या बिळासारख्या भुयारांत शिरून उरलासुरला तुकडा वेचतात. त्या भागात त्याला ‘ढिबरा’ म्हणतात. रॉयटर्स वृत्तसंस्थेने 2016 मध्ये तपास केला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुले या कामात मरण पावल्याचे उघड झाले. बहुतेक मृत्यूंची नोंदच नव्हती, कारण कागदोपत्री खाणच नव्हती.

यावर दोन प्रकारचे उत्तर आले. ‘लश’सारख्या कंपनीने कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम अभ्रकाकडे जायचे ठरवले. दुसऱ्या कंपन्यांनी 2017 मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी करून त्याच गावांत राहून साखळी सुधारायची म्हटले. पहिला मार्ग कंपनीला सोपा आहे आणि ग्राहकाच्या मनालाही हलके करतो, पण ढिबरा वेचणाऱ्या घराची चूल त्याने पेटत नाही. कृत्रिम अभ्रक तयार करायला प्रचंड तापमान लागते, त्या ऊर्जेचा हिशेब वेगळाच. दुसरा मार्ग संथ आणि कटकटीचा आहे, तरी तोच बरोबर वाटतो. वेचण्याला कायदेशीर मान्यता, सहकारी संस्था, जगण्यापुरता भाव आणि मुलांसाठी चालू शाळा, एवढे झाल्याशिवाय भुयारातले पोर बाहेर येणार नाही. हे केवळ कंपन्यांच्या हातात नाही, राज्य सरकारांच्याही हातात आहे.

पाम तेलाचे त्रांगडे याच जातीचे. डबीवर ‘पाम’ हा शब्द नसतो. ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, सेटेरिल अल्कोहोल, फेस आणणारी सल्फेटे अशा नावांनी ते आत येते. जगातले सुमारे 85 टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते आणि तिथल्या वर्षावनांची तोड त्याच्याशी जोडलेली आहे. आयात करण्यात भारताचा पहिला क्रमांक. मग पाम सोडून नारळाकडे वळावे का? एका हेक्टरमधून पाम जेवढे तेल देतो तेवढे दुसरे कोणतेही तेलपीक देत नाही, सोयाबीन किंवा नारळ कित्येक पट जास्त जमीन मागतात. ‘पाममुक्त’ या शब्दाने जंगल वाचते असे नाही, कदाचित दुसऱ्या देशातले जंगल जाते. शाश्वत पाम तेलासाठी 2004 मध्ये स्थापन झालेल्या ‘आरएसपीओ’ची प्रमाणपत्रे आहेत, पण त्यांच्या काही प्रकारांत प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र मिसळायला मुभा असते. प्रमाणपत्र आहे की नाही याच्या पुढे जाऊन कोणते आहे, हे विचारणारे ग्राहक अजून फार थोडे.

जिथे पर्याय सरळ चांगला ठरला असे उदाहरण स्क्वालेनचे. त्वचेला मऊ ठेवणारे हे द्रव्य खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून काढले जाई. आता ते ऑलिव्हमधून मिळते, आणि उसाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टपासूनही तयार होते. कॅलिफोर्नियातल्या ज्या ‘अमायरिस’ कंपनीने यीस्टचे हे तंत्र आधी मलेरियाच्या औषधासाठी उभे केले, तिनेच ते स्क्वालेनकडे वळवले. रेणू तोच, गुण तेच, शार्क वाचला. 2023 मध्ये अमायरिसने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. चांगले तंत्र असले म्हणून धंदा चालतोच असे नाही, तरी उसाचे स्क्वालेन बाजारात टिकून आहे.

आपल्या कोकणाकडे यापेक्षाही साधे उदाहरण आहे. कोकमाची साल आमसुलासाठी जाते, रस सरबताला. उरलेल्या बियांतून घट्ट पांढरट तेल निघते. त्याचे मुठीत वळलेले गोळे थंडीत पायांच्या भेगांना लावायची पद्धत घरोघर होती, गोव्यातही. खोलीच्या तापमानाला ते घट्ट राहते आणि त्वचेवर लावले की विरघळते. आज जगभरातल्या क्रीमच्या घटकयादीत ‘कोकम बटर’ दिसते. त्यासाठी नवे जंगल तोडावे लागत नाही, झाड परसात आणि रानात उभेच आहे, बी हा जोडमाल आहे. प्रश्न एवढाच, की बी सुकवणाऱ्या बाईला त्यातले किती मिळते. 2002 चा जैवविविधता कायदा स्थानिकांना लाभाचा वाटा द्यायला सांगतो, आणि दिव्य फार्मसीच्या खटल्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भारतीय कंपन्यांनाही तो बंधनकारक ठरवला. 2023 च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली. रानात हिंडून बी वेचणाऱ्यांच्या दृष्टीने हे पाऊल मागे गेले.

डबीतले द्रव्य वापरून झाल्यावर काय होते, हा शेवटचा टप्पा. स्क्रबमधले प्लास्टिकचे बारीक मणी नाल्यातून समुद्रात जातात. अमेरिकेने 2015 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला, युरोपीय संघाने 2023 मध्ये अधिक व्यापक निर्बंध आणले. सनस्क्रीनमुळे प्रवाळ मरतात म्हणून हवाईत 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. प्रयोगशाळेत या द्रव्यांचा अपाय दिसतो, पण प्रवाळ पांढरे पडण्याचे मोठे कारण तापलेला समुद्र आहे, हे विसरून केवळ बाटलीला दोष देणे अपुरे.

वेष्टनात तर प्रत्येक निवडीला दुसरी बाजू आहे. हवा न शिरणारा पंप क जीवनसत्त्व टिकवतो, पण त्यात निरनिराळे प्लास्टिक आणि धातूची स्प्रिंग असल्याने पुनर्वापर जवळजवळ अशक्य. तमिळनाडूतल्या कडलूरमधून पसरलेल्या शाम्पूच्या पाऊचने गरिबाच्या हाती चांगली वस्तू रुपयाभरात दिली, आणि कोणताही भंगारवाला न उचलणारा कचराही दिला. वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पाऊचच्या बाबतीत ती पाळली जाते की नाही, हे गावाबाहेरच्या कुठल्याही ओढ्याकाठी पाहता येते. शिवाय धुऊन टाकायच्या उत्पादनांच्या बाबतीत कार्बनचा मोठा वाटा कारखान्यात पडत नाही, न्हाणीघरातल्या गरम पाण्यात पडतो. वाटेल तेवढ्या हिरव्या बाटलीने तो कमी होत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणाबद्दलच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘पर्यावरणपूरक’, ‘शाश्वत’ असे म्हणायचे तर आधार दाखवावा लागेल. तत्त्वे चांगली आहेत, अंमलबजावणीची वाट पाहायची. पाऱ्यावरही कायद्याची बंदी होतीच, मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी 2023 मध्ये ती आणखी कडक केली, आणि तरी पार्लरमध्ये डब्या विकल्या गेल्या. स्टिरॉइड असलेली मलमे 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, आजही अनेक औषध दुकानांत ती सहज मिळतात आणि चेहरे लाल, केसाळ, पातळ होऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. हिंदुस्थान युनिलिव्हरने 1975 पासून विकलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव 2020 मध्ये बदलले, पण गोरेपणाची मागणी नावाबरोबर गेली नाही. ती आहे तोवर पाऱ्याला गिऱ्हाईक मिळत राहील.

एकूण आढावा घेतला तर कौल असा: सर्वांत जबाबदार त्वचानिगा म्हणजे कमी वस्तू. रोज सनस्क्रीन, एक सौम्य फेसवॉश, एक साधे मॉइश्चरायझर आणि खरोखर गरज असेल तर डॉक्टरांनी सुचवलेला एखादा घटक. दहा ‘नैतिक’ बाटल्यांपेक्षा संपेपर्यंत वापरलेल्या तीन साध्या बाटल्या त्वचेलाही बऱ्या आणि जमिनीलाही.

खरेदी करताना वाचकांनी डबी उलटी करून पाहावी. उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी कायद्याने तिथे असायला हवी. यातले काही नसेल, तर ते क्रीम कोणीही दिले तरी चेहऱ्याला लावू नये. आधीच घेतलेले असेल तर डबी फेकू नये. बिलासह ती जपून ठेवावी आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.